चाकात हवा भरणारा पशुवैद्य

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा आदिवासी पट्ट्यातून वाट काढीत अरबी समुद्राला मिळते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरला पोचले की डांबरी रस्त्याला फाटे फुटतात. पश्चिमेचा फाटा पालघर-बोईसरकडे, तारापूरच्या कारखान्यांच्या आणि अणुवीज केंद्राच्या दिशेने जातो, तर पूर्वेचा विक्रमगड-जव्हारच्या डोंगरांत शिरतो. डांबर संपते तिथे मुरूम लागतो, मुरूम संपतो तिथे खडी, आणि पावसाळ्यात भाताच्या खाचरांलगत नुसता चिखल. अलीकडच्या वर्षांत रविवारच्या सकाळी या वाटांवर मुंबई-ठाण्याच्या मोटारसायकलस्वारांचे ताफे दिसू लागले आहेत. त्यांच्या गाड्या मध्यम आकाराच्या, उंच, लांब पल्ल्याच्या आणि कच्च्या वाटेवरही चालतील अशा बांधणीच्या असतात. चहाच्या टपरीवर त्यांच्यात रंगणारा वाद बहुधा एकाच विषयावर असतो. चाक तारांचे घ्यावे की अलॉयचे? टायर ट्यूबचा असावा की ट्यूबलेस? पुढचे चाक एकवीस इंची बरे की एकोणीस इंची?

या सगळ्या वादाच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चाकात हवा असते, ही ती गोष्ट. ती इतकी अंगवळणी पडली आहे की चाकात कधी काळी हवा नव्हती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्या माणसाने ती हवा व्यवहारात आणली, त्याचे नाव गेल्या शतकभरात घरोघरी पोचले. त्याचे आयुष्य मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. जॉन बॉइड डनलॉप हे त्याचे नाव. हा गृहस्थ ना यंत्रज्ञ होता, ना सायकलपटू. तो गुराढोरांचा डॉक्टर होता.

शेतकऱ्याचा नाजूक मुलगा

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यातल्या ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस भरण्यापूर्वीच जन्मलो, असे त्यांना आईकडून कळले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, अशी त्यांची लहानपणापासूनच समजूत झाली आणि ती अखेरपर्यंत टिकली. जन्मभर ते जपून वागले. प्रत्यक्षात ऐंशी वर्षे ओलांडेपर्यंत त्यांना कोणताही मोठा आजार झाला नाही.

एडिंबरोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिक्षण घेऊन विशीच्या आतच ते पदवीधर झाले. काही वर्षे मायदेशी व्यवसाय केल्यावर १८६७ मध्ये त्यांनी आयर्लंडची वाट धरली. प्रथम डाउनपॅट्रिक येथे भावाबरोबर आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला. त्या काळी शहराची सारी वाहतूक घोड्यांच्या पाठीवर चाललेली होती. मालाच्या गाड्या, बग्ग्या, ट्राम, सगळ्यांना घोडे लागत. साहजिकच पशुवैद्याला कामाची वाण नव्हती. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मे स्ट्रीटवरील त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला होता.

घोड्यांवर उपचार करता करता खडबडीत रस्त्यांचे दुष्परिणाम त्यांच्या रोजच्या पाहण्यातले झाले होते. दगडी फरसबंदीवर लोखंडी धाव बसवलेली चाके खडखडत जात. तो दणका गाडीला, गाडीतल्या माणसाला आणि गाडी ओढणाऱ्या जनावरालाही बसे. आपल्याकडच्या बैलगाडीची रचना याहून निराळी नव्हती. लाकडी आरे, त्यांवर लाकडी परिघ आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. हजारो वर्षे माणसाने चाक अधिक मजबूत, अधिक कठीण करण्याचाच विचार केला होता. चाक मऊ करावे, हे कोणाला सुचले नव्हते. निदान डनलॉप यांची तरी तशी समजूत होती.

अंगणातला प्रयोग

१८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हा विचार एका घरगुती निमित्ताने पुढे आला. डनलॉप यांच्या लहानग्या मुलाकडे तीन चाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबराच्या पट्ट्या होत्या आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ती चालवताना त्याला हादरे बसत. वडिलांनी त्यावर उपाय शोधायचे ठरवले. व्यवसायामुळे रबर हाताळण्याची त्यांना सवय होती. पातळ रबराची नळी करून ती त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी चकतीभोवती बसवली, कापडाने आवळली आणि तिच्यात हवा भरली.

मग घराच्या अंगणात त्यांनी एक साधा प्रयोग केला. सायकलचे जुने धातूचे चाक आणि हवेची नळी बसवलेली ही चकती त्यांनी अंगणातून घरंगळत सोडली. धातूचे चाक मध्येच थांबून आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि तिथून उलट फिरले.

या दोन चाकांच्या चालीत एका मोठ्या तत्त्वाचा उलगडा होता. कठीण चाकासमोर खडा आला की अख्खे चाक, त्यावरची गाडी आणि गाडीतला माणूस त्या खड्यावर उचलला जातो. प्रत्येक खड्यागणिक हे उचलणे घडते आणि प्रत्येक वेळी थोडी शक्ती वाया जाते. हवेचे चाक खडा स्वतःत सामावून घेते. रबर तेवढ्या जागी दबते, आतली हवा आकसते आणि खडा मागे पडताच पूर्ववत होते. चाकाचा आस जवळपास त्याच उंचीवरून पुढे सरकतो. म्हणजे हवेने केवळ हादरा कमी होत नाही, तर वेगही वाढतो. मुलाला सुख मिळावे म्हणून सुरू झालेल्या उद्योगातून हा दुसरा लाभ अनपेक्षितपणे हाती लागला होता.

पुढे त्यांनी मुलाच्या सायकलच्या दोन्ही मागच्या चाकांना अशा नळ्या बसवल्या आणि मग मोठ्यांच्या सायकलकडे वळले. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना या शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. योगायोग असा, की त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या घराण्याने सायकलींचे दुकान थाटून पुढे विशाल झालेल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला. सायकल हे त्या काळी जगभरच नव्या यंत्रयुगाचे प्रवेशद्वार ठरले होते.

थट्टेपासून विजयापर्यंत

जाडजूड नळ्यांची ही सायकल दिसायला बेढब होती. सडपातळ भरीव रबराच्या चाकांची सवय झालेल्या लोकांना ती हास्यास्पद वाटली. बेलफास्टमधील एका सायकल मंडळाचा कप्तान विली ह्यूम याने मात्र ती विकत घेतली. अशी सायकल घेणारा तो पहिलाच सामान्य ग्राहक. डनलॉप यांच्या सूचनेवरून तो ती घेऊन शर्यतीत उतरला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडामेळाव्यात त्याने चारही सायकल शर्यती जिंकल्या. पुढे लिव्हरपूलमध्येही एक वगळता सर्व शर्यती त्याच्या नावावर लागल्या. हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

पराभूतांमध्ये हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. द्यू क्रो हे आयर्लंडच्या सायकलपटू संघटनेचे अध्यक्ष आणि पक्के व्यापारी. मुलांच्या पराभवात त्यांना धंद्याची संधी दिसली. त्यांनी डनलॉप यांच्याशी संधान बांधले आणि १८८९ मध्ये डब्लिन येथे कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले एकस्व द्यू क्रो यांच्या हवाली केले आणि मोबदल्यात त्यांना १,५०० समभाग मिळाले. त्या क्षणी हा व्यवहार कोणालाही वाजवीच वाटला असता.

हातचे एकस्व गेले

एकस्व मिळून जेमतेम दोन वर्षे होतात न होतात तोच डनलॉप यांना अधिकृतपणे कळवण्यात आले, की ते ग्राह्य नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती. पाठोपाठ फ्रान्स आणि अमेरिकेतही त्याने तिची एकस्वे घेतली होती. एवढेच नव्हे, तर १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला हवेची चाके लावून त्याने प्रात्यक्षिकही दाखवले होते. आत रबरी कापडाची नळी आणि बाहेरून चामडे, अशी त्याची रचना होती. परंतु तेव्हा सायकल नव्हती, चांगले पातळ रबर सहज मिळत नव्हते आणि घोडागाडीवाल्यांना वेगाची निकडही नव्हती. कल्पना काळाच्या फार पुढे होती. १८७३ मध्ये थॉमसन निवर्तला, तेव्हा त्याचे हवेचे चाक विस्मृतीत गेले होते.

डनलॉप यांना थॉमसनच्या शोधाची गंधवार्ताही नव्हती. त्यांनी केलेला प्रयोग सर्वस्वी त्यांचा स्वतःचा होता. कायद्याला मात्र तारीख तेवढी कळते. पहिलेपणाचा मान आणि त्याबरोबर मिळणारी मक्तेदारी, दोन्ही एका दिवसात हातची गेली.

कंपनी तरली ती दुसऱ्यांच्या शोधांवर. डनलॉप यांच्या मूळ चाकात एक मोठी उणीव होती. नळी चाकावर चिकटवून, कापडाने गुंडाळून टाकलेली असल्याने पंक्चर काढणे हे दिव्य होते. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या कडांत तार घालून तो चाकाच्या खोलगट धावेत बसवण्याची रीत शोधली. त्याच वर्षी बार्टलेट याने कडा अडकवण्याची वेगळी पद्धत काढली. कंपनीने या दोघांची एकस्वे विकत घेतली आणि बाजारावरील पकड कायम राखली. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षीच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों हा त्या टायरवर पहिला आला. रस्त्यात पंक्चर होणे अटळ आहे, प्रश्न ते किती लवकर निघते याचा आहे, हे त्या शर्यतीने दाखवून दिले.

नाव राहिले, धनी गेला

कंपनीच्या कारभारात डनलॉप यांचे मन रमले नाही. १८९५ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. लगेच पुढच्याच वर्षी द्यू क्रो यांनी हा सारा व्यवसाय टेरा हूली या वित्तव्यवहारी गृहस्थाला ३० लाख पौंडांना विकला आणि हूलीने तो भागधारकांच्या गळ्यात ५० लाख पौंडांना मारला. ज्याच्या अंगणात या चाकाचा जन्म झाला, त्याच्या वाट्याला त्या लाखांतले काही आले नाही. डनलॉप डब्लिनमध्ये राहिले, तिथे एका कापड दुकानाच्या कारभारात लक्ष घालत राहिले आणि एक सुखवस्तू परंतु सामान्य गृहस्थ म्हणून त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

कंपनीने मात्र त्यांचे नाव सोडले नाही आणि चेहराही सोडला नाही. दाढीधारी वृद्धाचे त्यांचे चित्र तिच्या मालावर झळकू लागले. जाहिरातींत त्यांना छानछोकी पोशाखातला नटवा म्हणून रंगवले गेले, तेव्हा या साध्या राहणीच्या माणसाला ते सहन झाले नाही. त्यांनी कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि तो वाद थेट लॉर्ड्स सभागृहापर्यंत पोचला. स्वतःच्याच नावाच्या कंपनीशी स्वतःच्या चेहऱ्यासाठी भांडण्याची वेळ आलेला असा शोधक विरळाच.

रबराला लागलेले रक्त

हवेच्या चाकाची दुसरी बाजू बेलफास्टपासून फार दूर, आफ्रिकेच्या अरण्यात लिहिली जात होती. सायकलींची लाट आणि पाठोपाठ आलेली मोटारगाडी यांमुळे रबराची मागणी अतोनात वाढली. रबराच्या लागवडीचे मळे तेव्हा अजून हाताशी यायचे होते. जंगली रबर हाच आधार होता. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या काँगोमध्ये स्थानिक लोकांवर रबर गोळा करण्याची सक्ती करण्यात आली. ठरलेले वजन न भरल्यास ओलीस धरणे, गावे जाळणे, हात तोडणे असे अत्याचार झाले. या राजवटीत लक्षावधी माणसे मेली. रॉजर केसमेंट याच्या १९०४ मधील अहवालाने आणि ई. डी. मोरेल याच्या मोहिमेने हे जगापुढे आणले आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगोवरचा खासगी ताबा सोडावा लागला.

डनलॉप यांचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही एका मुलाचे हादरे कमी करण्यासाठी काढलेल्या शोधाने दुसऱ्या खंडातील मुलांचे आईबाप हिरावले जावेत, हा इतिहासाचा क्रूर न्याय नाकारता येत नाही. शोध लावणाऱ्याच्या हातून शोध एकदा सुटला की त्याचे पुढे काय होईल, हे त्याच्या हाती उरत नाही. डनलॉप यांच्या बाबतीत हे पैशाच्या दृष्टीने जितके खरे ठरले तितकेच याही अर्थाने.

तारा, अलॉय आणि वैतरणेची वाट

चाकाचा सांगाडाही याच काळात बदलला होता. कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये तिरप्या तारांचे चाक सिद्ध केले. लाकडी आऱ्यांवर भार दाबून पडतो, तर तारांच्या चाकात तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्या एकत्रित ताणामुळे चाक भार पेलते. स्टार्लीच्या तारा आणि डनलॉप यांची हवा यांचा संगम झाला आणि त्यातूनच आजच्या दुचाकीचे चाक साकारले.

आजच्या साहसी मोटारसायकलींवरचा वाद याच दोन शोधांमधला आहे. तारांचे चाक धक्क्याला थोडे लवते. दगडावर जोरात आदळले तरी बहुधा वाकते, तुटत नाही, आणि गावातल्या कारागिराकडूनही सरळ करून घेता येते. अलॉयचे चाक एकसंध आणि ताठ असते. डांबरी रस्त्यावर ते उत्तम, परंतु मोठ्या दणक्याने त्याला तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेले चाक वाटेत दुरुस्त होत नाही. उलट अलॉयच्या धावेला तारांची भोके नसल्याने हवा कोंडून धरते आणि ट्यूबविना टायर बसवता येतो. असा टायर पंक्चर झाला तर चाक न काढता भोकात दट्ट्या ठोकून काम भागते. नेहमीच्या तारांच्या चाकात भोकांतून हवा निसटत असल्यामुळे ट्यूब लागते. डनलॉप यांच्या पहिल्या ग्राहकांप्रमाणेच आजच्या स्वारालाही मग चाक खोलून बसावे लागते.

चिखलात किंवा रेतीत जाताना जाणकार स्वार टायरमधली हवा थोडी कमी करतात. त्यामुळे रबर पसरते आणि पकड वाढते. मात्र ट्यूब असेल तर दगड आणि धाव यांच्यात ती चिमटून फाटण्याचा धोका असतो. पुढच्या चाकाचा आकार मोठा असेल तर ते अडथळ्यावर कमी कोनात चढते. म्हणून कच्च्या वाटेसाठी एकवीस इंची चाक पसंत केले जाते, तर वळणावळणाच्या डांबरी रस्त्यावर एकोणीस इंची चाक अधिक चपळ ठरते.

भारतात २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या हिमालयनला पुढे एकवीस आणि मागे सतरा इंची तारांची चाके होती. २०२० मध्ये आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरने एकोणीस आणि सतरा इंची अलॉय चाकांचा मार्ग निवडला. त्याच गाडीची २०२५ ची आवृत्ती मात्र एकवीस इंची तारांच्या चाकाकडे वळली. हिमालयनची नवी ४५० आवृत्ती २०२३ च्या अखेरीस ट्यूबच्या चाकांनिशी आली आणि नंतर तिला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळाला. तारांची टोके हवाबंद करून किंवा ती धावेच्या कडेला बाहेरून बांधून दोन्ही पद्धतींचे गुण एका चाकात आणण्याचा हा प्रयत्न आहे. किंमत आणि वजन वाढते, पण जव्हारच्या वाटेवर पंक्चर झाले तर स्वाराची दुपार वाचते.

गादीपासून गाडीपर्यंत

१९२१ च्या ऑक्टोबरमध्ये डनलॉप यांना थंडी बाधली. जन्मभर ज्या आजारपणाची धास्ती घेतली होती ते अखेर आले आणि २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. हवेच्या चाकाचा त्यांनी लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्या चाकाचा खरा जनक कोण, या प्रश्नाने त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नव्हती.

त्यांच्या नावाचा प्रवास मात्र थांबला नाही. पश्चिम बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये कंपनीने भारतातला पहिला टायर कारखाना काढला. पुढे तो बंद पडला. कंपनीने रबराच्या फेसाची गादी बनवली आणि मराठी घरांत डनलॉपची गादी हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्या गादीशी या पशुवैद्याचा काहीही संबंध नव्हता. उत्तरेकडे तर रबरी चाकांच्या जनावराच्या गाडीलाच डनलप म्हणण्याची पद्धत पडली.

या शेवटच्या नावाने ते कदाचित सर्वांत अधिक सुखावले असते. लाकडी चाकाची गाडी जाऊन रबरी चाकांची गाडी आली आणि तोच भार ओढताना बैलाच्या खांद्यावरचा ताण कमी झाला. जन्मभर मुक्या जनावरांची सेवा केलेल्या वैद्याचा शोध फिरून जनावरांपर्यंतच पोचला. पहिलेपणाचा मान थॉमसनकडे गेला, पैसा द्यू क्रो आणि हूली यांच्याकडे गेला, चेहरा कंपनीकडे गेला. वैतरणेकाठच्या खडीवरून गाडी सुखाने पुढे सरकते, तेव्हा चाक आणि दगड यांच्यामध्ये असलेली बोटभर हवा तेवढी डनलॉप यांच्या वाट्याची उरते.